जमीन कोळशाला गेली, आता नोकरीही कोळशातच करू का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारा मुलगा २५ वर्षांचा, चंद्रपूर जिल्ह्यातला, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला. सध्या नागपूरला छतावर सोलर बसवणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये काम करतो. गावची शेती सरकारी कोळसा कंपनीच्या खाणीत जातेय, त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळणार, आणि नाव कोणाचं द्यायचं ते दोन महिन्यांत ठरवायचंय. वडील म्हणतात परमनंट नोकरी आहे, डोळे झाकून घे. त्याला मात्र वाटतं की सरकारने २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषूनही घेऊ, असं जाहीर केलंय म्हणजे कोळसा संपणार, आपण पन्नाशीत घरी बसणार. वर तेच सरकार कोळशाचं उत्पादन एक अब्ज टनांवर गेलं म्हणून अभिनंदन करून घेतं, मग खरं काय मानायचं? हवामान बदलाच्या बातम्या वाचून कोळशात जायची लाजही वाटते, असंही त्याने लिहिलंय. घरी आई आणि बीएस्सी झालेली धाकटी बहीण आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मिळणाऱ्या पगारापेक्षा सरकारच्या शब्दाचा अर्थ काय लावायचा यावर तू जास्त लिहिलंयस, आणि मला ते बरोबर वाटलं, कारण तुझ्या घराची शेती, खाण, तू बसवतोस ते सोलर, सगळं शेवटी दिल्लीतल्या कुठल्या ना कुठल्या निर्णयाला बांधलेलं आहे. म्हणून आधी त्यावरच बोलू, नोकरीचं नंतर.

तू धरून चाललायस की सरकार म्हणजे एक डोकं आणि ते डोकं दोन उलट गोष्टी बोलतंय. तसं नाहीये रे. कोळसा मंत्रालयाला वर्षाअखेर एकच प्रश्न विचारला जातो, किती टन काढला. नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला विचारतात, किती गिगावॉट लावले. ऊर्जा मंत्रालयाला विचारतात, मे महिन्यात लाइट गेली का. अर्थ मंत्रालय करातून किती आले ते बघतं, रेल्वेला कोळसा हवाच असतो कारण तिच्या मालवाहतुकीत जवळपास निम्मा वाटा त्याचाच आहे, आणि राज्यांना कोळशावर १४ टक्के रॉयल्टी मिळते ती कुठलंच राज्य सुखासुखी सोडणार नाही. वीज हा विषय घटनेत समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचा. केंद्राने छतावरच्या सोलरला सबसिडी जाहीर केली तरी मीटर महावितरण लावणार आणि दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवणार. आपण ज्याला देशाचं ऊर्जा धोरण म्हणतो ते या सगळ्यांच्या ओढाताणीतून जे उरतं ते.

मग सामान्य माणसाने बघायचं काय? मी तीन गोष्टी बघते. घोषणा झालीय की कायदा झालाय, त्यामागे पैसा ठेवलाय का, आणि तारीख चुकली तर कोणाला दंड आहे का.

ग्लासगोच्या हवामान परिषदेचंच घे. नोव्हेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांनी तिथे पंचामृत म्हणून पाच गोष्टी सांगितल्या, त्यात २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-गॅस सोडून बाकीची, वीजक्षमता होती आणि २०७० चं नेट झिरो होतं. पण ऑगस्ट २०२२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांकडे सुधारित एनडीसी, म्हणजे देशाचं अधिकृत वचन, दिलं त्यात ५०० चा आकडा टार्गेट म्हणून नाहीच. त्यात आहे ते असं, की २०३० पर्यंत स्थापित वीजक्षमतेपैकी ५० टक्के बिगर-जीवाश्म असेल आणि जीडीपीमागचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी होईल. यातलं ५० टक्क्यांचं वचन २०२५ च्या जूनमध्येच, पाच वर्षं आधी पूर्ण झालं. ही खरंच मोठी गोष्ट आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो. फक्त ती क्षमता आहे, तयार होणारी वीज नाही. सोलर पॅनल वर्षभराच्या सरासरीत क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास चालतं, रात्री शून्य, त्यामुळे क्षमता निम्मी झाली तरी देशात तयार होणाऱ्या विजेतली सत्तर टक्क्यांहून जास्त अजून कोळशाचीच आहे.

आणि म्हणूनच दिल्ली दोन्हीकडे पळतेय. ३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटला गेली, आजवरचा विक्रम तेव्हा. दुपारी सोलर भरपूर असतं, पण संध्याकाळी सातनंतर पंखे, कूलर, एसी चालूच आणि पॅनल बंद. मोठ्या बॅटऱ्यांना केंद्राने पैसे द्यायला सुरुवात केलीय पण त्या अजून पुरेशा नाहीत. मग २०३१-३२ पर्यंत किमान ८० गिगावॉट नवीन कोळसा क्षमता लागेल असं सरकारच सांगतं. आज बांधलेलं केंद्र २५-३० वर्षं तरी चालवायचं म्हणूनच बांधतात. ग्लासगोच्या मसुद्यात कोळसा ‘संपवू’ होतं, ते भारताने शेवटच्या तासांत ‘कमी करू’ करून घेतलं, आठवत असेल तुला. तेव्हा २०७० वाचून तू जो निष्कर्ष काढलास, की तुझ्या पन्नाशीच्या आतच कोळसा बंद, त्याला आज तरी कागदावर आधार नाही. मला हे आवडतं का? नाही. पण तू मला माझी आवड विचारलेली नाहीस.

आता उलट बाजूही ऐक, कारण सरकारी शब्दावर नुसता विश्वास ठेवून चालत नाही हे चंद्रपूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. डिसेंबर २०१५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक केंद्रांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड कमी करायचे नियम काढले, त्यासाठी एफजीडी नावाची यंत्रणा बसवायची होती, मुदत होती २०१७. मुदत वाढली, परत वाढली, परत वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या पाऊणहून जास्त केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. अतिप्रदूषित भागांजवळच्या केंद्रांचं एकेक करून ठरणार आहे, आणि चंद्रपूर त्या अतिप्रदूषितांच्या यादीत २००९ पासून आहे. तिथलं २९२० मेगावॉटचं केंद्र तुझ्या आईवडिलांच्या श्वासाशी जोडलेलं आहे, त्याचं काय ठरतंय यावर तू नोकरी कुठेही कर, लक्ष ठेव.

कराचंही तसंच. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला, जगभर त्याचं कौतुक झालं. २०१७ ला जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांच्या नुकसानभरपाईत वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकर (सेस) गेला, कोळशावर जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला आणि सोलरच्या सामानावरचा १२ वरून ५. तुझ्या फर्मच्या कोटेशनमध्ये तो फरक तूच टाइप केला असशील. हवामान धोरण पर्यावरण मंत्रालयातच ठरतं असं आपण समजतो आणि खरा धक्का जीएसटी कौन्सिलच्या एका बैठकीतून येतो.

म्हणजे सोलर सुरक्षित का? इथे तू जरा जास्तच निर्धास्त आहेस असं मला पत्रावरून वाटलं. छतावरच्या सोलरचं ४० गिगावॉटचं टार्गेट २०२२ पर्यंतचं होतं, त्याच्या जवळपासही आपण पोचलो नाही, कारण वीज कंपन्यांना चांगलं बिल भरणारं गिऱ्हाईक सोडायचं नव्हतं आणि सबसिडी वेळेत येत नव्हती. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर आली, ७५,०२१ कोटींची, एक कोटी घरांसाठी, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये थेट खात्यात, आणि तुझ्यासारख्या हजारो पोरांना काम मिळालं. तीच योजना २०२६-२७ पर्यंतची आहे. पुढे वाढेलही, पण तुझा आजचा पगार एका योजनेच्या मुदतीवर उभा आहे हे कागदावर लिहून ठेव. अमेरिकेत बघ, ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने घरावर सोलर लावणाऱ्याला ३० टक्के करसवलत २०३२ पर्यंत मिळेल असं सांगितलं होतं. सरकार बदललं, जुलै २०२५ ला नवीन कायदा आला आणि सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला बंद. सात वर्षं आधी. तिथेही इन्स्टॉलरची कामं करणारी तुझ्या वयाची पोरंच आहेत.

आता माझ्या मते तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा गैरसमज. तू कोळशाचं भविष्य आणि कोळशातल्या नोकरीचं भविष्य एकच समजतोस. तुमच्याकडची कोळसा कंपनी जिच्या छत्राखाली येते त्या सरकारी कोल इंडियाकडे या शतकाच्या सुरुवातीला पाच लाखांच्या आसपास कर्मचारी होते, आज सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत, आणि याच काळात उत्पादन दुपटीहून जास्त झालं. माणसं हवामान धोरणाने कमी झाली नाहीत. भूमिगत खाणी मागे पडल्या, उघड्या खाणी आल्या, शंभर टनी डंपर आले, माती काढायचं काम कंत्राटावर गेलं, आता तर अख्खी खाणच एमडीओला म्हणजे खाजगी ऑपरेटरला चालवायला देतात. ब्रिटनने शेवटचं कोळशाचं वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद केलं, ती तारीख वर्षानुवर्षं आधी माहीत होती म्हणून गडबड झाली नाही. पण तिथल्या खाणमजुरांची राखरांगोळी त्याच्या कितीतरी आधी, ऐंशीच्या दशकात झाली, १९८४-८५ चा संप मोडला आणि गावंच्या गावं बसली, तेव्हा हवामान बदलाचं नावही कोणी घेत नव्हतं. कोळसा ५० वर्षं चालेल आणि तरी त्यात परमनंट माणूस लागणार नाही, असं होऊ शकतं.

पण याचाच दुसरा अर्थ असा की परमनंट नोकरी जी काही आहे ती दुर्मिळ होत चाललीय, आणि तुला ती जमिनीच्या बदल्यात मिळतेय. तिला वेतन कराराचं संरक्षण आहे, एक खाण संपली तर दुसरीकडे बदली होते, नोकरी जात नाही. वडिलांचं म्हणणं इथे मला पटतं. ते कोळशावर पैज लावायला सांगत नाहीयेत, गेलेल्या शेतीची किंमत पदरात पाडून घे म्हणतायत. वर्धा नदीच्या काठची काळी जमीन परत येणार नाही. तिच्या बदल्यात जे मिळतं त्याकडे हवामानाच्या चष्म्यातून बघून ते सोडून देणं म्हणजे दिल्लीच्या धोरणाचं ओझं दोन एकरवाल्या घराने उचलणं, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

लाजेबद्दल म्हणून एवढंच सांगते. तू त्या खाणीत गेला नाहीस तर एक टनही कोळसा कमी निघणार नाही, तुझ्या जागी दुसरा जाईल. जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी कार्बन भारतातला माणूस काढतो आणि खेड्यातला त्याहून कमी. ज्याची शेती खाणीत गेली त्याने लाजायचं काय कारण आहे? काळजी जरूर कर, ती काळजी मला तुझ्या पत्रात फार आवडली, पण ती मतदानात, ग्रामसभेत, सुनावणीत वापर. महाराष्ट्र वीज नियामक आयोग दर ठरवताना लोकांच्या हरकती मागवतो, कोणीही पाठवू शकतो. खाणीच्या पर्यावरण मंजुरीआधी बऱ्याचदा जनसुनावणी होते, तिथे खाणीत काम करणाऱ्याच्या बोलण्याला वजन असतं.

तर मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं? नोकरी घेण्याकडे माझा कल आहे, पण डोळे झाकून नाही. आधी ऑफर कसली आहे ते बघ. जमीन गेलेल्यांची सुरुवात बहुतेक वेळा जनरल मजदूर कॅटेगरी-१ मध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीत होते, डिप्लोमा असला तरी. इलेक्ट्रिकलच्या पोस्टवर जायचं तर नंतर खात्यांतर्गत निवडीतून जावं लागतं. ती निवड तुझ्या एरियात, म्हणजे कंपनीच्या तुमच्याकडच्या विभागात, शेवटची कधी निघाली, किती जण घेतले, हे आधी लागलेल्या पोरांना भेटून विचार, युनियनवाल्याच्या आश्वासनावर जाऊ नको. पोस्टिंग कुठे मिळू शकतं तेही विचार, नागपूरला मुख्यालय असलेल्या या कोळसा कंपनीच्या खाणी मध्य प्रदेशातही आहेत.

दुसरं, नोकरी हा एकच पर्याय नाही. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी आहे, आणि ज्याला नोकरी नको त्याला एकरकमी पैसे किंवा दरवर्षी मिळणारी रक्कम, ज्याला अॅन्युइटी म्हणतात, असाही मार्ग आहे. तुमच्या गटाला आज काय लागू आहे ते एरिया ऑफिसमधून लेखी घे, तोंडी नको. मग कागद-पेन घेऊन वडिलांसमोर बस. एका बाजूला कॅटेगरी-१ चा पगार, पीएफ, दवाखाना, पेन्शन धरून ३५ वर्षं, दुसऱ्या बाजूला अॅन्युइटी अधिक तुझा सोलरचा पगार. बहुतेक घरांत नोकरीच जड भरते, पण काही घरांत नाही, आणि तुम्ही दोघांनी मिळून आकडे मांडले तर पुढची वीस वर्षं एकमेकांना बोल लावायची वेळ येणार नाही.

नोकरी घेतलीस तरी हातातली विद्या सोडू नको. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाची इलेक्ट्रिकल सुपरवायझरची परीक्षा दिली नसशील तर आत्ताच दे, आणि खाणीसाठी लागणारा मायनिंगचा भागही त्यात कर. तो परवाना खाणीतही चालतो आणि सोलरच्या धंद्यातही चालतो, कुठल्याही मंत्रालयाचं मत बदललं तरी. शिवाय कोल इंडियाने स्वतःच ३,००० मेगावॉट सोलरचं टार्गेट घेतलंय, कोळसा कंपन्या आपल्या जागेवर पॅनल लावतायत. ते चालवायला आतल्यांपैकी कोणाला तरी येत असायला हवं, आणि तू ते दोन वर्षं केलेलं आहेस.

तुझ्यासारखी पत्रं मला कोराडी, परळी, भुसावळच्या बाजूनेही येतात, वीज केंद्रांत कंत्राटावर काम करणाऱ्यांची. त्यांचं वेगळं आहे. जुने संच बंद होतात तेव्हा परमनंट माणूस दुसऱ्या केंद्रात जातो आणि कंत्राटी माणूस गेटच्या बाहेर. त्यांनी पीएफचं पासबुक दर महिन्याला तपासावं, कामाचं स्वरूप लिहिलेलं अनुभवपत्र ठेकेदार बदलायच्या आत घ्यावं, आणि आयटीआय झालेलं असेल तर सूर्यमित्रसारखं सरकारी सोलर प्रशिक्षण, जे २०१५ मध्ये सुरू झालं, ते करून ठेवावं. संच बंद व्हायची वाट बघत बसू नये.

आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा. २०१५ च्या कायदा दुरुस्तीने खाणवाल्यांना रॉयल्टीवर जास्तीचा हिस्सा खाणग्रस्त जिल्ह्यासाठी द्यावा लागतो, जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातून दिलेल्यांना १० टक्के. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात ही मोठी रक्कम असते आणि तिच्या प्राधान्य यादीत पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, कौशल्य विकास आहे. तुमच्या गावासाठी यातून काय झालं हे ग्रामसभेत विचारायचा हक्क आहे. जर्मनीने २०२० मध्ये कायदा करून कोळशाची शेवटची तारीख २०३८ ठरवली तेव्हा सोबत कोळसा पट्ट्यांसाठी ४० अब्ज युरोंपर्यंतची तरतूदही कायद्यातच लिहिली. आपल्याकडे झारखंडने २०२२ मध्ये या बदलासाठी टास्क फोर्स नेमला. विदर्भाच्या कोळसा पट्ट्यासाठी काय ठरलंय, खाणी संपल्यावर गावांचं काय करणार, हे आपल्या आमदार-खासदाराला विचारणारं पत्र लिही. तू चांगलं लिहितोस.

शेवटचं एक, जे तू विचारलेलं नाहीस. अख्ख्या पत्रात बहिणीचा उल्लेख एका ओळीत आहे, बीएस्सी झालीय म्हणून. नोकरीसाठी नाव ‘तुझं’च द्यायचं हे घरात कोणी ठरवलं, आणि तिला विचारून ठरवलं का? कोळसा कंपन्यांत बायका ऑफिसात, लॅबमध्ये, आता डंपरवर, शॉव्हेलवरही काम करतात. मुलीचं नाव देता येतं का, लग्न झाल्यावर काय, तिच्या शिक्षणाला काय काम मिळेल, हे त्याच एरिया ऑफिसच्या अर्जात विचार. कदाचित ती नको म्हणेल. कदाचित म्हणेल मी घेते, तू नागपूरला सोलर कर. दोन महिने आहेत, या आठवड्यात तिच्याशी बोल आणि मग मला पुन्हा लिही.